आठवडी बाजार की मॉल: स्वस्त कोणासाठी?

बाजारच्या दिवशी माझ्या सातवीच्या वर्गात चार-पाच बाकं हमखास रिकामी असतात. पहिल्या वर्षी मी हजेरीपटावर लाल रेघा मारल्या आणि घरोघरी निरोप धाडले. दुसऱ्या वर्षी शाळा सुटल्यावर थैली घेऊन स्वतः बाजारात गेले, तेव्हा ही मुलं कुठे असतात ते दिसलं. आमच्या वर्गातली एक मुलगी अम्मीच्या शेजारी पोत्यावर बसून कांदे तोलत होती. समोरच्या गिऱ्हाईकाने चोवीसच्या भावाचे पावणेदोन किलो कांदे, ऐंशीच्या भावाची पावशेर मिरची आणि दहा रुपयांचा सांबार घेतला. मुलीने वर बघितलं, ओठ हलवले आणि शंभरच्या नोटेतून अठ्ठावीस रुपये परत दिले. कागद नाही, मोबाईल नाही. हीच मुलगी घटक चाचणीत दशांश अपूर्णांकाची गणितं कोरी सोडून आली होती.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. त्यात गेल्या रमजानच्या आधी स्टाफरूममध्ये वाद झाला. एक सहकारी म्हणाले, "मॉलमध्ये सगळं स्वस्त, स्वच्छ, छापील भावाचं. बाजारात कशाला चिखल तुडवायचा?" दुसऱ्या म्हणाल्या, "मॉलमध्ये जाते दोन वस्तूंसाठी, येते बारा घेऊन." दोघांचंही खरं होतं. आमच्या पिंपळगाव राजासारख्या गावात अजून बाजार भरतो, आणि खामगाव, मलकापूर, बुलढाणा या शहरांकडे मॉल किंवा मार्टच्या निमित्ताने जाणंही वाढलं आहे. (सेल्फ-सर्व्हिसच्या मोठ्या किराणा दुकानाला आपल्याकडे सगळे मॉलच म्हणतात, मीही तसंच म्हणते.) कोण चांगलं आणि कोण वाईट, यापेक्षा मला एक वेगळा प्रश्न जास्त कामाचा वाटतो: स्वस्त आहे, पण कोणासाठी?

बाजार आठवड्यातून एकदाच का?

लहानपणी मला वाटायचं की आठवड्यातून एकदा भरणं ही फक्त जुनी रीत आहे. तसं नाही, त्यामागे साधा हिशोब आहे. एका गावात बांगड्या, मसाला, चपला, मासळी यांचं गिऱ्हाईक रोज इतकं नसतं की दुकानदाराचं पोट भरेल. मग तो सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी, असं फिरतो. सहा-सात गावांचं गिऱ्हाईक मिळून त्याचं एक दुकान चालतं. प्रत्येक गावाचा वार म्हणूनच वेगळा असतो, शेजारच्या दोन गावांचे बाजार सहसा एकाच दिवशी येत नाहीत.

याचा अर्थ असा की बाजारात प्रवास विकणारा करतो. टेम्पोचं भाडं त्याचं, पहाटे उठणं त्याचं, पाल ठोकणं त्याचं, ग्रामपंचायतीची बाजार पावती त्याची. पाऊस आला तर भिजणारा मालही त्याचा. आपण फक्त थैली घेऊन चालत जातो. मॉलमध्ये हे उलटं होतं. दुकान एका जागी बसतं आणि प्रवास गिऱ्हाईक करतं. हा एक फरक नीट लक्षात ठेवला तर पुढचा सगळा हिशोब सोपा होतो.

आपल्या भागात बाजाराचा वार मजुरीशीही जोडलेला आहे. शेतमजुरांचा आठवड्याचा हिशोब बाजारच्या दिवशी चुकता करायची जुनी पद्धत आहे. हातात पैसे आले, त्याच दिवशी समोर बाजार आहे, आणि आठवडाभराचं मीठ-मिरची-तेल घेऊन माणूस घरी जातो.

बाजाराचा कायदा आपल्या वऱ्हाडातला

नव्या पिढीला एक गोष्ट सांगायला मला आवडते. भारतात सरकारी नियमांखाली चालणारी पहिली शेतमालाची बाजारपेठ म्हणून कारंज्याचं नाव घेतलं जातं. तेच कारंजा, जे आज वाशीम जिल्ह्यात आहे. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने तिथला कापूस बाजार नियमांखाली आला. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. हे शेतकऱ्याच्या मायेपोटी झालं असं मात्र नाही, इंग्लंडच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता. खामगावला रेल्वे आली तीही याच कापसासाठी. जलंब-खामगाव फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला.

पण एकदा नियम आल्यावर त्याचा फायदा पुढे शेतकऱ्यालाही झाला. उघड बोली, नोंदलेला काटा आणि ठरलेली अडत आली. स्वातंत्र्यानंतर १९६३ च्या राज्याच्या कायद्याने बाजार समित्यांची आजची घडी बसली. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला या समित्यांच्या बंधनातून मोकळा केला गेला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. शेतकरी आपली मेथी थेट आठवडी बाजारात, सोसायटीच्या दारात किंवा मॉलच्या खरेदी केंद्रावर विकू शकतो, त्याला या बदलाचा आधार आहे.

मॉलची गोष्ट

सेल्फ-सर्व्हिसचं किराणा दुकान ही अमेरिकेतली कल्पना. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या दुकानदाराने गिऱ्हाईकाला काउंटरच्या आत सोडलं: स्वतः उचला, शेवटी पैसे द्या. नोकरांचा खर्च वाचला, भाव उतरले. त्यासोबत दुसरीही गोष्ट घडली. यादी सांगून सामान घेणारं गिऱ्हाईक आता फडताळांमधून फिरू लागलं आणि यादीबाहेरचं उचलू लागलं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो हे त्यांनी हेरलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात मोठ्या दुकानाची सुरुवात वेगळ्या विचाराने झाली. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांनी सहकारातून 'अपना बाजार' उभं केलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने आणखी सोपा मार्ग काढला: शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून महिन्याची यादी करायची, घाऊक माल आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. आजचे खासगी मॉल नंतर आले. बिग बझार २००१ चा, डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ चं, पवईतलं. बिग बझारचं नाव तर २०२२ मध्ये दुकानांवरून उतरलंही.

भाव कसा ठरतो?

बाजारात भावाला घड्याळ असतं. सकाळी मेथीची जुडी ताजी, भाव चढा. चार वाजता थोडा उतार. दिवेलागणीला विकणारी माय जुड्यांचे ढीग लावते आणि ढिगाचा भाव सांगते, कारण उरलेली मेथी घरी नेऊन उद्या विकता येणार नाही. एकदा मी सकाळीच घासाघीस करत होते, तर शेजारच्या गावाहून आलेली एक म्हातारी हसून म्हणाली, "सांजीले या न बाई, भाव कमी भेटन. पण मंग पान सुकेल भेटन."

अर्थशास्त्राच्या एका धड्याचं काम त्या दोन वाक्यांनी केलं. एकच भाजी सकाळी पगारदाराला ताजी मिळते आणि संध्याकाळी मजुराला स्वस्त मिळते. मालही वाया जात नाही. मॉलमध्ये भाव दिवसभर एकच असतो. तिथली भाजी निवडलेली, धुतलेली, थंड ठेवलेली असते. ती शेतातून संकलन केंद्रावर, तिथून गोदामात आणि मग दुकानात येते. निवडताना फेकलेल्या मालाचा, विजेचा आणि गाडीचा खर्च त्या भावात बसतो. म्हणून भाजी, फळं आणि पालेभाजीच्या बाबतीत मॉल सहसा बाजाराशी टक्कर देऊ शकत नाही.

तेल, साबण, साखर, चहा यांचं उलटं आहे. ते महिनोन्‌महिने टिकतं, कंपनीकडून ट्रकने उचललं की घाऊक सूट मिळते. मॉल त्यातली काही सूट आपल्याला देतो. बाजारातला छोटा विक्रेता किंवा गल्लीतला किराणावाला इतका माल उचलू शकत नाही.

कराचा मुद्दाही बघा. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पीठ यांच्या पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागला. पोत्यातून सुटी तोलून दिलेल्या त्याच डाळीवर तो नाही.

आता खरा हिशोब

वर्गात मी हा हिशोब फळ्यावर मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपले घाला.

समजा, मॉलमध्ये पाच लिटरच्या तेलाच्या डब्यावर लिटरमागे १२ रुपये वाचतात, म्हणजे ६० रुपये. साबण, चहा, साखर मिळून आणखी ९० वाचतात. एकूण १५०. एसटीत आम्हा महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचं जाणं-येणं, स्टँडपासून रिक्षा आणि मुलांचा नाश्ता धरला की २०० रुपये सहज जातात. एवढ्या खरेदीसाठी मुद्दाम गेलात तर पन्नास रुपयांचा तोटा झाला. महिन्याचं सगळं सामान एकदम भरलंत किंवा दवाखान्याच्या कामाने शहरात गेलाच होतात, तर नफा झाला.

पण महिन्याचं सामान एकदम भरायला तीन गोष्टी लागतात: हातात रोख चार-पाच हजार, आणायला गाडी आणि ठेवायला कोरडी जागा. माझ्यासारख्या पगारदाराकडे पहिल्या आठवड्यात हे तिन्ही असतं. ज्या घरात रोजची मजुरी रोज येते, त्या घरात पाच लिटरचा डबा स्वस्त असून परवडत नाही. तिथे पाव लिटर तेल, पावशेर डाळ, दहाची मिरची हाच हिशोब चालतो, आणि हातावर पोट असलेल्याला पावशेर तोलून देणारा, वेळ पडली तर वहीत नाव लिहून "पुढच्या बाजारी द्या" म्हणणारा माणूस मॉलमध्ये नाही.

म्हणून मी म्हणते, मॉल त्याच्यासाठी स्वस्त, ज्याच्याकडे आधीच थोडं काही आहे. बाजार त्याच्यासाठीही स्वस्त, ज्याच्याकडे आजची मजुरीच आहे. आपल्यातले पगारवाले सगळे मॉलकडे वळले आणि बाजार ओसाड पडला, तर नुकसान आपलं कमी आणि आपल्या शेजाऱ्याचं जास्त होईल.

माप, लेबल आणि ईमान

बाजाराची बाजू घेते म्हणून तिथलं वाईट झाकणार नाही. एका विक्रेत्याकडून घेतलेले दोन किलो टोमॅटो घरच्या काट्यावर पावणेदोन भरले होते. दुसरीकडे, शहरातल्या एका मोठ्या दुकानात फळीवर खजुराच्या डब्याचा भाव एक आणि बिलात दुसरा लागला. रमजानची गर्दी होती, मागे रांग होती. मी बिल घरी येऊन वाचलं. फसवणुकीला पत्र्याचं छप्परही चालतं आणि काचेचं दारही.

आपल्या दीनमध्ये मापाचा विषय किती गंभीर आहे हे मुलांना सांगायला हवं. कमी मोजून देणाऱ्यांच्या नावानेच कुरआनमध्ये एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या कौमला वारंवार सांगितलं ते मापात खोट करू नका म्हणून. हदीसमध्ये प्रसंग येतो की रसूलुल्लाह (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आतलं धान्य ओलं लागतं, आणि ओला भाग वर ठेवला असता तर लोकांना दिसला असता, असं ते विक्रेत्याला समजावतात. पुढे मुस्लिम शहरांमध्ये बाजारावर देखरेखीसाठी मुहतसिब नेमले जात.

आज हे काम वैधमापनशास्त्र विभागाकडे आहे. लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी होऊन शिक्का लागायला हवा. दगड किंवा बॅटरीचे सेल वजन म्हणून वापरणं चुकीचं आहे. काटा चालू करताना शून्य दिसतं का ते बघा, आणि टोपल्याचं वजन धरलेलं नाही ना तेही. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, तारीख आणि आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो भावही छापावा लागतो. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी मागू शकत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

आपल्या घरांसाठी लेबलची आणखी एक बाजू आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी पदार्थ. तपकिरी त्रिकोण म्हणजे त्यात अंडं, मांस, मासळी किंवा जिलेटिनसारखं प्राण्यापासून आलेलं काहीतरी आहे. तो पदार्थ हलाल आहे की नाही हे तो त्रिकोण सांगत नाही. ते घटकांच्या यादीत शोधावं लागतं. गावातल्या कुरैशी भाईंकडे हा प्रश्न तोंडी सुटतो, मॉलमध्ये चष्मा लावून वाचावं लागतं.

बाजारात आपलेच लोक

बाजारातून एक चक्कर मारा आणि आपल्या बिरादऱ्या मोजा. फळं-भाजीत बागवान, सुगंध आणि सुया-दोऱ्यात अत्तार, बांगड्यांत मनियार, पानाच्या टोपल्यांमागे तांबोळी, गाद्या-उशांत पिंजारी. ही आडनावं मुळात बाजारातले धंदे आहेत. त्यांच्या शेजारी माळी, भोई, कोळी, शेतातून थेट आलेल्या मायबहिणी बसतात. पानवाल्या चाचांची छत्री उडाली तर शेजारचा माळीबुवा धरतो. एकमेकांचा गल्ला सांभाळून माणसं नमाजला जातात, जेवायला जातात. मुलांना 'सामाजिक सलोखा' हा धडा शिकवताना मला पुस्तकाबाहेर फार दूर जावं लागत नाही.

हेही खरं की या धंद्यातली मुलं शिकून दुसरीकडे जायला हवीत. बाजार टिकावा म्हणून कोणाची मुलगी पोत्यावरच बसून राहावी असं मी शिक्षिका असून कसं म्हणू? बाजारात सावलीचे ओटे, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असेल तर विकणारीचा दिवस सोपा होईल, आणि मुलीला मदतीला बसवायची गरज कमी होईल. ग्रामपंचायत बाजाराची पावती फाडते, तर या सोयी ग्रामसभेत मागणं आपला हक्क आहे.

आपण काय करू शकतो?

मी स्वतः जे करते, तेवढंच सांगते.

भाजी, फळं, अंडी, मसाला आणि सुटी डाळ बाजारातून. तेल, साबण, चहा यांसाठी आधी गल्लीतल्या किराण्याचा भाव विचारायचा, मग मॉलचा, आणि प्रवासखर्च मिळवून ठरवायचं.

मॉलमध्ये लिहिलेली यादी घेऊन, पोट भरलेलं असताना जायचं, आणि बिल दारातच वाचायचं.

जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर येते. मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून एक-दोन पोती घेतली, डाळ करून वाटून घेतली, तर ग्राहक पंचायतीचाच मार्ग आपल्या गल्लीत चालतो. ज्या घरात एकदम पैसे नसतात त्यांचा हिस्सा बाकीच्यांनी महिनाभर सांभाळला तर सवाबही मिळेल.

आणि बाजारात घासाघीस करायचीच असेल तर सफरचंदवाल्याशी करा. दहाच्या सांबारासाठी म्हातारीशी नको. मॉलच्या काउंटरवर आपण कधी दोन रुपये कमी करा म्हणत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दशांश अपूर्णांक मी तिला फळ्यावरून शिकवणं सोडलं. वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या कोणत्याही एका वस्तूची छोटी आणि मोठी पाकिटं बघा आणि एका ग्रॅमचा भाव काढा. दुसऱ्या दिवशी ती बिस्किटांची दोन रिकामी पाकिटं घेऊन आली. "टीचर, बडा पाकीट महंगा निकला. उसपे 'बचत' लिखा है, फिर भी." तीन वेळा ताळा करून बघितला होता म्हणे. मीही केला. तिचं बरोबर होतं.

घटक चाचणीत या वेळी तिने ती गणितं सोडवली आहेत. बाजारच्या दिवशी ती आता दुपारपर्यंत शाळेत बसते, मग जाते. अर्धी हजेरी मी पूर्ण धरते.